शेऱ्याचा रकाना

२०२५च्या नोव्हेंबरात डी.बी.एम.एस.च्या व्हायवाला बाहेरून आलेल्या सरांनी मला विचारलं, "डेटा मायग्रेशन म्हणजे काय?" मी ताडकन उत्तर दिलं, "सर, एका सिस्टीममधला डेटा काहीही न गमावता दुसऱ्या सिस्टीममध्ये नेणे." सरांनी मान डोलावली आणि मी सुटले. गंमत अशी, की मी हे उत्तर ठोकून देत होते त्याच्या महिनाभर आधीच आमच्या गॅरेजचा बावीस वर्षांचा डेटा नेताना त्यातला सगळ्यात महत्त्वाचा रकाना मी गमावून बसले होते. फक्त मला ते अजून कळलं नव्हतं!

तर मित्रमैत्रिणींनो, ही त्या रकान्याची गोष्ट.

आमचं गॅरेज रत्नागिरीत, साळवी स्टॉपवरून कुवारबावकडे जाताना लागतं. बाबांनी ते १९९६ साली सुरू केलं. पिकअप, बोलेरो, छोटा हत्ती, जुन्या ओम्नी, जे येईल ते आम्ही करतो. बाबा, मिस्त्रीकाका, दोन पोरं आणि काउंटरवर आई, एवढाच आमचा स्टाफ. मी लहानपणी अभ्यास तिथेच केला आहे. माझ्या पाचवीच्या भूगोलाच्या पुस्तकावर अजूनही ऑईलचा अंगठा आहे, तो मिस्त्रीकाकांचा!

२००३ साली बाबांनी कॉम्प्युटर घेतला. तेव्हा गावातल्याच एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवणाऱ्या मुलाने फॉक्सप्रोमध्ये गॅरेजसाठी एक प्रोग्रॅम लिहून दिला. गाडी नंबर, मालकाचं नाव, किलोमीटर, काम, स्पेअर, लेबर, येणे बाकी आणि सगळ्यात शेवटी ‘शेरा’. निळ्या स्क्रीनवर पिवळी अक्षरं. छापायला डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, ज्याचा आवाज ऐकून समोरचा चहावाला ओळखायचा, की गाडी तयार झाली, आता गिऱ्हाईक चहा सांगणार.

हा प्रोग्रॅम बावीस वर्षं चालला. मध्ये सरकारने बरीच उलथापालथ केली. १ एप्रिल २००५ला विक्रीकर जाऊन व्हॅट आला, तेव्हा तो मुलगा पुण्याहून सुट्टीत येऊन बदल करून गेला. १ जुलै २०१७ला जी.एस.टी. आला, तेव्हा मात्र त्याचा फोन लागेना. मग काय, जुन्या प्रोग्रॅममध्ये जॉब कार्ड करायचं आणि तेच बिल पुन्हा अकाउंटंटकडच्या प्रोग्रॅममध्ये चढवायचं. बहुतेक स्पेअरना २८ टक्के, लेबरला १८ टक्के, असा हिशोब आई कॅल्क्युलेटरवर करायची. पुढे २२ सप्टेंबर २०२५ला, ऐन घटस्थापनेच्या दिवशी, स्पेअरचाही दर १८ टक्के झाला. आईने कॅल्क्युलेटरवर चिकटवलेली २८ची चिठ्ठी काढली आणि म्हणाली, "हे एक बरं झालं." त्याच आठवड्यात जुन्या हार्ड डिस्कमधून कर्र कर्र असा आवाज यायला लागला.

मी म्हटलं, "बाबा, आता बास. हे म्युझियममध्ये द्या."

नवं सॉफ्टवेअर मीच शोधलं. मोबाईलवर चालणारं. गाडीचा फोटो काढा, जॉब कार्ड तयार. एस्टिमेट गिऱ्हाईकाच्या व्हॉट्सअ‍ॅपवर. स्टॉक कमी झाला की सूचना. जी.एस.टी.चं बिल एका बटणावर. सगळा डेटा क्लाऊडवर, म्हणजे हार्ड डिस्क मेली तरी चिंता नाही. मी बाबांना अर्धा तास प्रेझेंटेशन दिलं. सगळं शांतपणे ऐकून त्यांनी एकच विचारलं, "दर वर्षी पैसे भरायचे? आणि नाही भरले तर?"

"तर बंद होतं."

"म्हणजे आपल्याच वह्या बघायला आपणच भाडं द्यायचं!"

मला तेव्हा हे फार मागासलेलं वाटलं होतं. पण आई म्हणाली, "करू दे तिला. आपल्यालाही दुहेरी काम किती दिवस होणार?" आणि दिवाळीच्या सुट्टीत मी कामाला लागले.

काम अवघड नव्हतं. नव्या कंपनीने एक्सेलचा नमुना दिला होता. नाव, मोबाईल, गाडी नंबर, मॉडेल, शेवटचे किलोमीटर, बाकी. जुन्या प्रोग्रॅममधून तेरा हजारांवर जॉब कार्डं मी बाहेर काढली. नावं आणि नंबर इंग्रजीत होते, ते व्यवस्थित आले. शेऱ्याच्या रकान्यात मात्र सगळा कचरा! इंग्रजी अक्षरं, स्वल्पविराम, कंस आणि डोक्यावर टिंबं असलेली कुठल्या तरी युरोपीय भाषेतली अक्षरं. नमुन्यात त्यासाठी जागाही नव्हती. मी रकान्यावर राईट क्लिक केलं आणि डिलीट दाबलं. दोन सेकंदांचं काम. भाऊबिजेला आमचं गॅरेज ‘डिजिटल’ झालं. मी इन्स्टाग्रामवर फोटोही टाकला.

पहिला महिना छानच गेला. खोटं कशाला बोलू? नव्या सॉफ्टवेअरने आमचे डोळेही उघडले. कपाटातून निघालेली प्रत्येक वस्तू जॉब कार्डावर चढवल्याशिवाय स्टॉक जुळेना. तेव्हा कळलं, की फ्यूज, बल्ब, होज क्लिपा, स्प्लिट पिना, टॉप-अपचं कूलंट असलं बारीकसारीक सामान आमच्या बिलावर कधी येतच नव्हतं. महिन्याची बेरीज बघून बाबा कपाळाला हात लावून म्हणाले, "इतकी वर्षं आपण दानधर्म करत होतो होय!" मी कॉलर ताठ केली.

आणि मग पहिला दणका बसला.

सॉफ्टवेअरमध्ये थकबाकीची आठवण आपोआप पाठवायची सोय होती. ती आधीपासूनच चालू असते, हे माझ्या लक्षात आलं नाही. नोव्हेंबरच्या अखेरीला ज्यांची ज्यांची बाकी होती त्या सगळ्यांना व्हॉट्सअ‍ॅप गेला. ‘आपली थकबाकी तातडीने भरून सहकार्य करावे.’ त्यात एक बागायतदार होते. त्यांच्याकडे दोन पिकअप आहेत. आता आपल्याकडे आंब्याचं गणित काय असतं ते कुणाला सांगायला नको. पावसाळा संपला की फवारण्या, राखण, गडी, खोकी, नुसता खर्चच खर्च. पैसा दिसतो तो मार्च ते मे, पेट्या बाजारात गेल्या की. ते वर्षभर काम करून घ्यायचे आणि जूनमध्ये एकदम हिशोब पुरा करायचे. असं वीस वर्षं चाललं होतं.

मेसेज गेल्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते आले. खिशातून नोटा काढून काउंटरवर मोजल्या आणि आईला म्हणाले, "वहिनी, मी कधी बुडवलेत का हो?" आई काही बोलायच्या आत गाडी सुरू करून निघूनही गेले. बाबांनी दोनदा फोन केला. त्यांनी उचलला नाही.

मी मेसेजची सोय बंद केली आणि स्वतःची समजूत घातली, की सेटिंगची चूक आहे, कुणाच्याही हातून होईल. पण सेटिंग ही चुकीची अर्धीच बाजू होती, हे जानेवारीत कळलं.

आमच्याकडे मिरकरवाड्याहून मासळी नेणारी एक पिकअप येते. चालक तोच मालक. रत्नागिरीहून आंबा घाटातून कोल्हापूर, आणि रिकामी गाडी घेऊन परत. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात ती ऑईल आणि फिल्टर बदलायला आली. त्या दिवशी मिस्त्रीकाका पुतण्याच्या लग्नाला गेले होते आणि बाबा एका गाडीच्या पासिंगला. पोराने मोबाईलवर जॉब कार्ड बघितलं. त्यावर ऑईल आणि फिल्टर लिहिलं होतं. त्याने तेवढंच केलं, आणि अगदी नीट केलं. गाडी गेली.

तीन दिवसांनी रात्री साडेअकराला बाबांचा फोन वाजला. गाडी कोल्हापूरहून येत होती. घाट उतरताना ब्रेकचं पेडल एकदम खाली गेलं. मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेक पाईप फुटला होता आणि ऑईल रस्त्यावर सांडत होतं. त्याने गाडी दुसऱ्यावर, मग पहिल्यावर टाकली, हँडब्रेक ओढत ओढत उतरवली आणि साखरप्याला आणून उभी केली. गाडी रिकामी होती. हायड्रॉलिक ब्रेकला दोन सर्किटं वेगवेगळी असतात, टॅन्डम मास्टर सिलिंडर आपण पुस्तकात वाचतो ना, तेच. म्हणून पुढचे ब्रेक थोडेफार लागत होते. दोन टन मासळी आणि बर्फ मागे असता तर काय झालं असतं, हे कुणीच बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी गाडी ओढून आणली. तो माणूस भांडला नाही. भांडला असता तर बरं झालं असतं! तो बाबांना एवढंच म्हणाला, "भाऊ, दर वेळी तुम्ही पाईप चाचपून बघता. ह्या वेळी कसा काय राहिला?"

बाबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाले, "राहिला. चूक आमची." आणि पाईपचे, लेबरचे, गाडी ओढून आणल्याचे, कसलेच पैसे घेतले नाहीत.

गाडी लिफ्टवर गेल्यावर मिस्त्रीकाकांनी मला खाली बोलावलं. मासळीच्या गाडीतून बर्फाचं खारट पाणी सतत गळत असतं. ते चासीवरून ओघळून ब्रेक पाईपवर येतं. पाईप खालून बघितला तर धड दिसतो. तो कुजतो तो क्लिपेखाली, जिथे पाणी धरून राहतं आणि नजर पोचत नाही. "इथे डोळा चालत नाही. बोटच लागतं," असं म्हणून त्यांनी माझं बोट धरून तिथे लावलं. पापुद्रा हाताला आला.

"पण हे तुम्हाला माहीत होतं, त्याला कोणी सांगितलं नाही?" मी विचारलं.

"सांगायला कशाला लागतं? कार्डाखाली छापून यायचं की!"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जुना प्रोग्रॅम जॉब कार्ड छापताना खाली त्या गाडीचा शेवटचा शेरा छापायचा. मी लहानपणापासून ती कार्डं बघत होते, त्यांच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर गणितं सोडवत होते. पण पुढच्या बाजूची शेवटची ओळ कधी वाचलीच नव्हती.

त्या रात्री मी जुना कॉम्प्युटर पुन्हा सुरू केला. तिसऱ्या प्रयत्नात उठला बिचारा. त्या गाडीचा नंबर टाकला. शेरा आला, ‘मासळी गाडी. मागचा ब्रेक पाईप दर सर्व्हिसला क्लिपेखाली चाचपून बघणे.’ मग बागायतदारांचा नंबर टाकला. ‘पैसे आंब्यावर. मागू नयेत.’

मग मी वाचतच बसले. ‘क्लचवर पाय ठेवून चालवतात. सांगून झाले. पुन्हा सांगणे.’ ‘हॉर्न दोनदा बदलला. हॉर्नचा दोष नाही.’ ‘गुरुजी. लेबर लावू नये. विचारल्यास लावले म्हणावे.’ ‘बॉनेट उघडण्यापूर्वी आत मांजर बघणे.’ मला हसूही येत होतं आणि रडूही.

आई मागे येऊन कधी उभी राहिली ते कळलं नाही. हे सगळे शेरे तिने टाईप केले होते. बाबा हात पुसत पुसत सांगायचे आणि ती बडवायची. लग्नाआधी तिने मराठी टायपिंगची तीस शब्दांची परीक्षा दिली होती. एका रकान्यात २५४ खुणांच्या वर काही मावायचं नाही, म्हणून ती वाक्यं तोडून तोडून लिहायची.

मी म्हटलं, "आई, मी हा रकाना काढून टाकला."

ती म्हणाली, "ते मला कळलं होतं. मला वाटलं, वाचून मगच काढलंस."

ह्यापेक्षा दोन थोबाडीत दिल्या असत्या तरी चालल्या असत्या!

आता तांत्रिक भाग. २००३ साली त्या मुलाने मराठीसाठी जो फॉन्ट वापरला होता तो युनिकोड नव्हता. त्या काळच्या अशा फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागांवर मराठी चित्रं बसवलेली असत. कॉम्प्युटरच्या लेखी ती इंग्रजी अक्षरंच. फॉन्ट काढला की मराठी नाहीशी. देवनागरी १९९१च्या पहिल्या युनिकोडपासून त्यात आहे, पण आपल्याकडे ती सगळीकडे रुळायला बरीच वर्षं गेली. म्हणजे मला जो कचरा दिसला होता तो कचरा नव्हता. किल्ली हरवलेलं कुलूप होतं.

मी फॉन्ट उघडून कुठल्या जागेवर कुठलं चित्र आहे त्याचा तक्ता केला आणि पायथॉनमध्ये प्रोग्रॅम लिहिला. पहिल्याच शेऱ्यात ‘सर्व्हिस’चं ‘सव्हिर्स’ झालं. दोन रात्री डोकं फोडलं, काही जमेना. तिसऱ्या दिवशी आईने चहा आणून ठेवला, स्क्रीन बघितली आणि हसत सुटली. म्हणाली, "अगं, टायपिंगमध्ये पहिली वेलांटी आधी मारतात आणि अक्षर मागून. आणि रफार सगळ्यात शेवटी, अक्षर झाल्यावर वरून. आम्ही जसं दिसतं तसं मारायचो."

आणि तेच होतं! जुन्या डेटात वेलांटी अक्षराच्या आधी आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये बरोबर उलटं, आपण उच्चार करतो त्या क्रमाने. म्हणजे वेलांटी उचलून पूर्ण जोडाक्षराच्या पलीकडे न्यायची आणि रफार उचलून अलीकडे आणायचा. ‘सर्व्हिस’मध्ये दोन्ही आहेत आणि मध्ये अर्धा व पण! तो शब्द सुटला आणि बाकीचे धडाधड सुटत गेले. माझ्या तीन वर्षांच्या शिक्षणाला जे सापडलं नाही ते आईच्या तीस शब्दांच्या सर्टिफिकेटने सोडवलं.

चार हजारांच्या आसपास शेरे निघाले. पुनरुक्ती काढून गाडीवार लावल्यावर सहाशे उरले. नव्या सॉफ्टवेअरमध्ये गाडीच्या पानावर ‘सूचना’ म्हणून एक जागा होती. जॉब कार्ड उघडलं की ती वर दिसते. आधीपासून होती, मीच शोधली नव्हती. मी म्हटलं, आता एका झटक्यात सहाशे चढवते.

बाबा म्हणाले, "थांब. एकेक वाच."

मग चार संध्याकाळी गॅरेज बंद झाल्यावर आम्ही चौघं बसलो. मी वाचायची आणि बाबा किंवा मिस्त्रीकाका ‘ठेव’ किंवा ‘काढ’ म्हणायचे. "हे गेले दोन वर्षांपूर्वी. काढ." "ह्याने गाडी विकली. पण घेणाऱ्याला हे माहीत पाहिजे. ठेव." "हा पोरगा आता नीट चालवतो, लग्न झालं त्याचं. काढ." एक शेरा असा आला, ‘नवरा गाडी सोडवायला आला तर आधी बाईंना फोन करणे.’ सगळे गप्प झाले. बाबा म्हणाले, "हे बरोबर आहे. पण हे कुणा कंपनीच्या मशीनवर जायला नको. काढ. मी लक्षात ठेवीन." क्लाऊड म्हणजे दुसऱ्याचा कॉम्प्युटर, हे वाक्य आपण सगळे विनोद म्हणून पाठवतो. बाबांनी ते कधी ऐकलेलं नव्हतं, तरी त्यांनी त्याप्रमाणेच निर्णय घेतला. अशा शेऱ्यांची आईने एक वही केली आहे. ती कुलपात असते.

शेवटी चारशेच्या आत शेरे नव्या सॉफ्टवेअरमध्ये गेले. दोन सेकंदांत पुसलेला रकाना परत आणायला मला जवळजवळ तीन आठवडे लागले. त्यात एक असाइनमेंट बुडाली, ते वेगळंच.

मला आता नवं सॉफ्टवेअर वाईट वाटत नाही आणि जुनं फार थोर होतं असंही वाटत नाही. ती हार्ड डिस्क कधीही दगा देणार होती आणि तिच्याबरोबर हे शेरे कायमचे गेले असते. चूक बदलण्यात नव्हती. जे मला वाचता आलं नाही ते निरुपयोगी आहे, असं मी गृहीत धरलं, तिथे चूक झाली. उद्या आपल्यापैकी कितीतरी जण कुठल्या तरी बँकेचा, हॉस्पिटलचा, कारखान्याचा जुना डेटा नव्यात नेतील. तिथेही एखादा न वाचता येणारा रकाना असेल. डिलीट दाबण्याआधी काउंटरवर बसणाऱ्या माणसाला विचारा, एवढंच सांगते.

बागायतदार अजून आलेले नाहीत. त्यांच्या गाडीला दुसऱ्या गॅरेजबाहेर मी दोनदा बघितलं आहे. बाबा एकदा त्यांच्या घरी जाऊन आले. चहा मिळाला म्हणाले, पुढे काही बोलले नाहीत. त्यांच्या पानावरचा शेरा मात्र आम्ही काढलेला नाही.

मासळीची गाडी परवा सर्व्हिसला आली होती. मागचा पाईप आता नवा कोरा आहे. आईने मला मोबाईल दिला आणि म्हणाली, शेरा तू लिही. मी लिहिलं, ‘मागचा ब्रेक पाईप जानेवारीत नवा टाकला आहे.’ मिस्त्रीकाकांनी चष्मा वर करून वाचलं, मान हलवली आणि पुढे टाकायला सांगितलं,

‘तरी चाचपून बघणे.’